चखणा

चखणा (उच्चारभेद: चकणा, चकना) म्हणजे मद्यपान करताना मद्यासोबत थोडे थोडे खाल्ले जाणारे पदार्थ होत. भाजलेले वा खारवलेले शेंगदाणे, चणे, पापड, फरसाण, उकडलेली अंडी, काकडी-टोमॅटोच्या चकत्या, तळलेले मासे, सुके मटण असे अनेक पदार्थ या एका नावाखाली येतात. चखणा म्हणजे जेवण नव्हे. भारतात तो बहुधा जेवणाआधी, म्हणजे मद्याचे प्याले चालू असतानाच खाल्ला जातो.

मद्यासोबत अन्न घेतल्यास मद्यार्क रक्तात सावकाश उतरतो. त्यामुळे 'रिकाम्या पोटी पिऊ नये' ही सूचना जबाबदार मद्यपानाच्या जवळपास प्रत्येक नियमावलीत आढळते. तथापि अन्नामुळे मद्यार्क नाहीसा होत नाही. शिवाय पारंपरिक चखणा खारट व तिखट असल्याने तहान वाढवतो आणि पिण्याचा वेग कमी करण्याऐवजी वाढवू शकतो. मद्यासोबतच्या खाण्याचे हे दुहेरी स्वरूप प्राचीन भारतीय ग्रंथांतही नोंदलेले आहे.

शब्द व प्राचीन उल्लेख

हा शब्द 'चाखणे' या क्रियापदाशी निगडित असून हिंदीतील 'चखना' या रूपावरून तो मराठी बोलीत रूढ झालेला दिसतो. बोलीभाषेत 'चकणा' असाही उच्चार होतो. तिरळ्या व्यक्तीसाठीही मराठीत हाच शब्द असल्याने त्यावर कोट्या करण्याची प्रथा जुनीच आहे.

संस्कृतात या पदार्थांना 'उपदंश' व 'अवदंश' अशी नावे आहेत. अमरकोशात मद्यवाचक शब्दांना लागूनच 'अवदंश' हा शब्द येतो. तहान किंवा पिण्याची इच्छा चाळवणारा चरचरीत पदार्थ, असा त्याचा अर्थ कोशकार देतात. वात्स्यायनाच्या कामसूत्रात नागरकांच्या पानगोष्टींचे वर्णन असून मधु, मैरेय, सुरा व आसव यांच्यासोबत खारट पदार्थ, फळे, हिरव्या भाज्या आणि कडू, तिखट व आंबट उपदंश दिले जात, असे तेथे म्हटले आहे. आधुनिक मराठीत 'उपदंश' हे एका गुप्तरोगाचे नाव असल्यामुळे त्याचा हा जुना अर्थ पूर्णपणे मागे पडला आहे.

आयुर्वेदाने या विषयाकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मदात्ययावर, म्हणजे मद्याच्या अतिरेकाने होणाऱ्या विकारांवर, स्वतंत्र अध्याय आहे. योग्य विधीने, योग्य मात्रेत, योग्य वेळी, हितकर अन्नासह आणि स्वतःच्या बळानुसार घेतलेले मद्य अमृतासारखे ठरते व याउलट घेतलेले विषासारखे, असे प्रतिपादन त्यात आहे. कोणत्या प्रकृतीच्या माणसाने मद्यासोबत काय खावे, हेही तेथे सांगितले आहे. वातप्रकृतीसाठी स्निग्ध व उष्ण, पित्तप्रकृतीसाठी मधुर व शीत, तर कफप्रकृतीसाठी जव-गव्हाचे अन्न आणि मिरी घातलेले जांगल प्राण्यांचे मांस असा तो क्रम आहे. सुश्रुतसंहितेचे उत्तरतंत्र याहून थेट आहे. अन्नाशिवाय नित्य केलेले मद्यपान अत्यंत कष्टदायक विकार उत्पन्न करते, असे ते बजावते आणि स्निग्ध अन्न व मांस यांसह मद्य घ्यावे असे सांगते.

म्हणजे एकाच संस्कृतीत मद्यासोबतच्या अन्नाची दोन प्रयोजने शेजारीशेजारी नांदत होती. पानगोष्टीतला उपदंश पुढचा प्याला हवासा वाटावा म्हणून होता, तर वैद्यांनी सांगितलेले अन्न मद्याची बाधा कमी व्हावी म्हणून होते. आजच्या चखण्याने नाव आणि चव या दोन्ही बाबतींत पहिल्याचा वारसा घेतलेला आहे.

शरीरात काय घडते

मद्यार्काला पचनाची गरज नसते. तो जसाच्या तसा रक्तात शोषला जातो. त्यातील थोडाच भाग जठरातून शोषला जातो व बहुतांश भाग लहान आतड्यातून. लहान आतड्याचा शोषक पृष्ठभाग फार मोठा असल्याने मद्यार्क तेथे किती लवकर पोहोचतो, यावर नशा किती वेगाने चढणार हे अवलंबून असते.

रिकाम्या जठरातून द्रव पदार्थ झपाट्याने पुढे सरकतो. जठरात अन्न असल्यास त्याचे खालचे द्वार बराच काळ आकुंचित राहते आणि अन्नात मिसळलेले मद्य हप्त्याहप्त्याने आतड्यात उतरते. या विलंबाचे आणखीही परिणाम होतात. जठराच्या अस्तरात व यकृतात अल्कोहोल डिहायड्रोजनेज हे विकर असते. मद्यार्क हळूहळू आल्यास त्याचा काही भाग सर्व शरीरात पसरण्याआधीच या विकराच्या तावडीत सापडतो. जेवणानंतर यकृताकडे जाणारा रक्तपुरवठाही वाढतो व मद्यार्काचा निचरा काहीसा वेगाने होतो. या सर्वांमुळे भरल्या पोटी घेतलेल्या त्याच मात्रेने रक्तातील मद्यार्काची कमाल पातळी कमी राहते.

स्निग्ध पदार्थच 'दारू अडवतात' असा समज सर्वत्र आहे. पिण्याआधी चमचाभर तूप किंवा लोणी खाण्याचा सल्ला त्यातूनच दिला जातो. प्रत्यक्षात स्निग्धांश, प्रथिने व कर्बोदके या तिन्हींनी युक्त जेवणे शोषण मंदावतात. महत्त्व असते ते जेवणाच्या आकाराला आणि वेळेला. पिण्याआधी किंवा पिताना घेतलेले भाकरी-भाजी वा वरणभाताचे साधे जेवण उपयोगी पडते. चार शेंगदाणे आणि एक पापड यांना त्या अर्थाने जेवण म्हणता येत नाही. सर्व पिऊन झाल्यावर घेतलेल्या जेवणाचा उपयोग तर फारच थोडा, कारण तोवर बराचसा मद्यार्क रक्तात गेलेला असतो.

मद्यार्क शरीराबाहेर टाकण्याचे काम मुख्यत्वे यकृताचे असून ते घाईने करता येत नाही. सर्वसाधारण प्रौढाच्या शरीरात तासाला सुमारे ७ ते १० ग्रॅम मद्यार्काचा निचरा होतो. ४२.८ टक्के मद्यार्काच्या व्हिस्की वा रमच्या ३० मिलिलिटरच्या 'स्मॉल' पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम, १२ टक्क्यांच्या वाइनच्या १५० मिलिलिटर प्याल्यात सुमारे १४ ग्रॅम, तर ५ टक्क्यांच्या बीअरच्या ६५० मिलिलिटर बाटलीत सुमारे २५ ग्रॅम मद्यार्क असतो. 'स्ट्राँग' म्हणून विकल्या जाणाऱ्या ८ टक्क्यांच्या बीअरच्या तेवढ्याच बाटलीत तो ४१ ग्रॅमपर्यंत जातो. 'बीअरने काही होत नाही' या समजापायी चार स्मॉल पेगांएवढा मद्यार्क पोटात जातो, तो असा. थंड पाण्याची आंघोळ, काळी कॉफी, लिंबू किंवा ताक यांपैकी कशानेही यकृताच्या कामाचा वेग वाढत नाही.

वाहन चालवणाऱ्यांच्या दृष्टीने यातील सर्वांत धोकादायक बाब शोषणाच्या विलंबातच दडलेली आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असताना वाहन चालवणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षेची तरतूद आहे. ६५ किलो वजनाच्या पुरुषाने दोन स्मॉल पेग उपाशीपोटी झटपट घेतल्यास प्रचलित सूत्रानुसार ही पातळी ४० ते ४५ मिलिग्रॅमच्या घरात जाते. शरीरातील पाण्याचे प्रमाण तुलनेने कमी असल्याने तेवढ्याच वजनाच्या स्त्रीमध्ये ती आणखी वर जाते. भरल्या पोटी कमाल पातळी खाली राहते हे खरे, परंतु ती गाठण्यास दोन तासांपर्यंत वेळ लागू शकतो. पोटभर खाल्ल्यामुळे 'काहीच चढले नाही' असे वाटून गाडीची किल्ली उचलणाऱ्या माणसाची पातळी त्या क्षणी अद्याप वर चढतच असू शकते.

मधुमेहींसाठी अन्नाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. मद्यार्कामुळे यकृताची नवीन ग्लुकोज तयार करण्याची क्रिया दबली जाते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी काही औषधे घेणाऱ्याने उपाशीपोटी मद्यपान केल्यास रक्तशर्करा धोकादायकरीत्या घसरू शकते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे नशेसारखीच दिसत असल्याने सोबतच्यांना ती ओळखू येत नाहीत आणि रुग्णाला 'जास्त झाली' म्हणून झोपू दिले जाते.

महाराष्ट्रात

महाराष्ट्रातील मद्यपानाची रीत प्रामुख्याने 'आधी पिणे, मग जेवणे' अशी आहे. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत वाइन जेवणाच्या ताटासोबत येते. येथे मात्र जेवण मागवणे ही पिणे संपल्याची खूण मानली जाते. त्यामुळे संध्याकाळी आठला बसलेली मंडळी अकराला जेवतात आणि मधल्या तीन तासांत पोटात केवळ चखणा असतो. जेवल्यावर पुन्हा पिऊ नये हा संकेत बव्हंशी पाळला जातो. ही एका अर्थाने मर्यादाच आहे, पण ती ज्या टोकाला हवी त्याच्या विरुद्ध टोकाला पडते.

मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये मद्यपानासाठी परवाना आवश्यक ठरला. 'परमिट रूम' हे महाराष्ट्रातील बारचे नाव त्या काळाची आठवण आहे. दारूबंदीच्या वर्षांत मुंबईत घरगुती अड्ड्यांवर, ज्यांना 'आंटीचे अड्डे' म्हणत, हातभट्टीच्या दारूसोबत उकडलेली अंडी, चणे किंवा तळलेली कलेजी मिळे. परमिट रूममध्ये शेंगदाणे, चणे वा शेव टेबलावर आपसूक येतात. मसाला पापड, शेंगदाणा मसाला, चिकन चिली, खिमा, बोंबील, सुरमई हे पदार्थ मागवावे लागतात. फुकट मिळणारी बशी खारट आणि पैसे पडणारी पौष्टिक, ही विभागणी विक्रेत्याच्या सोयीची आहे.

देशी दारूच्या दुकानातील चित्र याहून वेगळे असते. तेथे बसून सावकाश पिण्याची सोय बहुधा नसते. ग्राहक उभ्या उभ्या बाटली संपवतो, चिमूटभर मीठ किंवा मूठभर चणे तोंडात टाकतो आणि निघतो. दुकानाबाहेर अंडी, भजी, उसळ किंवा वजडी विकणाऱ्या हातगाड्या असतात. दिवसभराच्या अंगमेहनतीनंतर रिकाम्या पोटी एका दमात घेतलेली तीव्र दारू हा शोषणाच्या दृष्टीने सर्वांत वाईट प्रकार होय, आणि तो परवडत नाही म्हणून न खाणाऱ्याच्याच वाट्याला येतो. विषारी दारूच्या बाबतीत तर खाण्या-न खाण्याने जीव वाचत नाही. २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे मिथेनॉलयुक्त दारूने १०० हून अधिक बळी घेतले.

आषाढी अमावास्या, म्हणजे दिव्यांची अवस, बोलीभाषेत 'गटारी' म्हणून ओळखली जाते. श्रावणात मांसाहार व मद्य वर्ज्य करणारे अनेकजण त्याआधी सामिष जेवणाची व मद्याची मेजवानी करतात. अन्न मुबलक असले म्हणजे पिणे आपोआप आवरते असे नाही, याचे हे दरवर्षीचे उदाहरण आहे.

२००१ च्या द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरणानंतर नाशिक परिसरात वाइननिर्मिती वाढली आणि त्यासोबत वाइन व खाद्यपदार्थ यांच्या जोडीची पाश्चात्त्य कल्पनाही आली. मराठी जेवणातील तिखटाशी ही जोडी जमवणे सोपे नाही. मिरचीतील कॅप्सेसिनमुळे मद्यार्काचा दाह अधिक जाणवतो आणि लाल वाइनचा तुरटपणा उठून दिसतो. त्यामुळे तिखट रश्श्यासोबत किंचित गोडसर व कमी मद्यार्काची पांढरी वाइन सुचवली जाते.

गोव्यात

गोव्यातील गावोगावच्या तावेर्नांत काजूची वा माडाची फेणी तळलेले मासे, सुके मासे, चोरीस-पाव किंवा नुसत्या लोणच्यासोबत घेतली जाते. काजूच्या हंगामात, साधारण मार्च ते मेमध्ये मिळणारे हुर्राक फेणीपेक्षा सौम्य असते. ते लिंबाच्या स्वादाचे शीतपेय, मीठ आणि चिरलेली मिरची घालून पितात. या गोड-खारट मिश्रणात मद्याची चव लपते व प्रमाणाचा अंदाज चुकतो. हुर्राक 'हलके' असल्याची ख्याती नवख्या पर्यटकांना म्हणूनच महागात पडते.

इतर देशांतील पद्धती

स्पेनमधील तापास, व्हेनिसमधील चिकेत्ती, ग्रीस व तुर्कस्तानातील मेझे, रशियातील झाकुस्की, कोरियातील आंजू आणि जपानमधील साकाना वा ओत्सुमामी हे चखण्याचे सगेसोयरे होत. 'तापा' या स्पॅनिश शब्दाचा अर्थ झाकण. दहाव्या अल्फोन्सो राजाने मद्यासोबत खाणे सक्तीचे केल्याची कथा सांगितली जाते, पण ती दंतकथाच मानली जाते. ग्रानादा शहरात आजही प्रत्येक प्याल्यासोबत एक तापा विनामूल्य देण्याची चाल आहे. जपानी इझाकायामध्ये बसताच 'ओतोशी' नावाची छोटी वाटी येते व तिचे पैसे बिलात लावले जातात. म्हणजे पहिल्या घोटाबरोबर पोटात काहीतरी जाते. कोरियात मद्याच्या प्रकारानुसार आंजू ठरलेला असतो. माक्कोल्लीसोबत पाजॉन हे कांद्याच्या पातीचे धिरडे खातात. धिरडे, कालवण, भाजलेले मांस असा भरीव आंजू मागवणे तेथे पिण्याचाच भाग मानला जातो. त्याच कोरियात अतिमद्यपानाची समस्याही मोठी आहे, हे येथे नोंदवणे भाग आहे.

कायद्याने जोडलेले जेवण

अन्नाची सक्ती करून मद्यपान आवरण्याचे प्रयत्न अनेक सरकारांनी केले आहेत. न्यूयॉर्क राज्याच्या १८९६ च्या रेन्स कायद्याने रविवारी मद्यविक्रीला बंदी घातली, मात्र हॉटेलांना जेवणासोबत मद्य देण्याची मुभा ठेवली. परिणामी सलून्सनी वर काही खोल्या बांधून स्वतःला हॉटेल म्हणवून घेतले आणि 'रेन्स सँडविच' हा प्रकार जन्माला आला. हे सँडविच खाण्यासाठी नसे. मद्यासोबत ते टेबलावर ठेवले जाई व नंतर उचलून पुढच्या गिऱ्हाइकासमोर नेले जाई. वरच्या खोल्या पुढे वेश्याव्यवसायासाठी वापरल्या जाऊ लागल्या. नीतिमत्ता सुधारण्यासाठी केलेल्या कायद्याची इतकी उलटी फलश्रुती क्वचितच झाली असेल.

स्वीडनमध्ये हा विचार अधिक चिकाटीने राबवला गेला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील शिधापुस्तिकेच्या काळात, जो १९५५ मध्ये संपला, उपाहारगृहांत तीव्र मद्य ठरावीक मापात व जेवणासोबतच मिळे. त्यानंतरच्या कायद्यानुसारही सर्वसामान्यांना मद्य देणाऱ्या ठिकाणी स्वयंपाकघर व शिजवलेले अन्न उपलब्ध असणे अपेक्षित होते. येथे ग्राहकावर खाण्याची सक्ती नसून विक्रेत्यावर अन्न ठेवण्याची सक्ती होती. रेन्स कायद्याच्या तुलनेत ही रचना अधिक टिकाऊ ठरली.

कोविड-१९ च्या साथीत, २०२० च्या अखेरीस, इंग्लंडच्या काही भागांत 'भरीव जेवणा'सोबतच पबमध्ये मद्य देण्याचा नियम झाला. त्याचा हेतू मद्यसंयमाचा नसून संसर्ग आवरण्याचा होता. खिम्यात गुंडाळून तळलेले अंडे, म्हणजे स्कॉच एग, भरीव जेवण ठरते काय, यावर मंत्र्यांना खुलासे करावे लागले.

मर्यादा आणि आक्षेप

दीर्घकालीन हानीचा विचार करता चखणा फारसा कामाचा नाही. यकृताचे विकार, उच्च रक्तदाब व कर्करोग यांचा संबंध एकूण किती मद्यार्क शरीरात गेला याच्याशी आहे. अन्नाने त्या बेरजेतून फारसे काही वजा होत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटात केला. मद्यपानाची कोणतीही पातळी आरोग्यासाठी सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. त्यातच तळलेला व खारट चखणा मीठ, तेल आणि उष्मांकांची भर घालतो. एक ग्रॅम मद्यार्कातून सुमारे ७ किलोकॅलरी मिळतात व चखण्याच्या त्याहून वेगळ्या.

'जबाबदार मद्यपान' या संकल्पनेवरच सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांचा आक्षेप आहे. मद्यउद्योगाला सोयीची असलेली ही भाषा किंमत, उपलब्धता व जाहिरात यांवरील चर्चा टाळून सारा भार पिणाऱ्याच्या शहाणपणावर टाकते, असे त्यांचे म्हणणे आहे. महाराष्ट्रातील दारूबंदी चळवळ तर ही संकल्पना मुळातूनच नाकारते. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे आणि अनेक गावांत स्त्रियांनी मतदानाने 'बाटली आडवी' करून दुकाने बंद पाडली आहेत. घरात धान्य येण्याआधी मजुरी दारूत जाते तेथे पिणाऱ्याने सोबत काय खावे हा प्रश्न गैरलागू ठरतो, कारण उपाशी राहणारे इतरच असतात.

व्यसनाधीन व्यक्तीच्या बाबतीत अन्न आणि मद्य यांचे नाते उलट होते. जेवणाची जागा मद्य घेते. आहार तुटल्याने व शोषण बिघडल्याने थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाची कमतरता निर्माण होते व त्यातून मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अशा व्यक्तीला 'खाऊन पी' हा सल्ला लागू पडत नाही. तिच्यासाठी उपचार व पूर्ण वर्ज्यता हाच मार्ग पुण्यातील मुक्तांगण (स्थापना १९८६) यांसारखी केंद्रे सांगतात. मद्यमुक्तीच्या वाटेवरील माणसाला अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या वर्तुळात चार अवस्थांपासून सावध राहायला सांगतात: भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. संध्याकाळी पिण्याची वेळ होण्याआधीच पोटभर जेवून घेणे, ही तेथे दिली जाणारी अगदी साधी सूचना आहे.